रिकाम्या रिंगणातली पारख

नदीच्या अलीकडच्या काठावर जांभळांच्या दाट जंगलात एक शेकरू राहत असे. शेकरू म्हणजे ती मोठी तांबूस खार, झुपकेदार शेपटीची. अंगानं एवढंसं, पण कवठ फेकावं तर त्यानंच! सशाला उजव्या पंजात हवं असलं, तर ते उजव्याच पंजात पडायचं. सायाळीकडे मात्र ते अगदी अलगद, समोरून द्यायचं, कारण कवठ एकदा का तिच्या काट्यांत रुतलं, की ते काढता काढता दुसरा दिवस उजाडायचा. कोणाला कसं द्यायचं, हे शेकरूला बरोबर ठाऊक होतं.

आता कवठ फेकायचं तरी कशाला, असं विचाराल. सांगते. थंडी ओसरून पळस फुलला, की अलीकडचं जंगल आणि पलीकडचं जंगल यांच्यात दरवर्षी कवठझेलीचा सामना व्हायचा. नदीकाठच्या मोकळ्या माळावर दोन्हीकडचे सात-सात गडी उतरायचे. प्रत्येक बाजूला एक म्होरक्या. डाव सुरू होताना कवठ त्याच्या हातात. त्यानं ते आपल्या गड्याकडे फेकायचं, गड्यानं झेलायचं आणि समोरच्यांची दगडांची रेघ ओलांडायची, की झाला एक गुण. रेघेपल्याड उभं राहून झेललं तरी चालायचं. कवठ जमिनीवर पडलं, की डाव समोरच्यांचा. आणि कवठ फुटलंच, तर खेळ थांबवून दोन्हीकडच्यांनी ते मिळून खायचं. हा नियम सगळ्यांत जुना होता आणि तो मोडायची कोणालाही इच्छा नव्हती.

तीन वर्षं अलीकडच्यांचा म्होरक्या म्हणजे शेकरूच. पहिली दोन वर्षं ते जिंकले. तिसऱ्या वर्षी, म्हणजे गेल्या वर्षी, बरोबरी असताना शेवटचं कवठ शेकरूच्या हाती आलं. ससा पार रेघेच्या पुढे जाऊन उभा होता. शेकरूनं जीव खाऊन फेकलं, आणि कवठ सशाच्या चार पावलं अलीकडे पडलं. झालं! सामना गेला. झाडाझाडांवरून हुर्यो उठली. त्या गलक्यात एक आवाज सगळ्यांच्या वर होता, "अरे, हात आहे की वाळकी शेंग!" सगळं जंगल खो खो हसलं. तो आवाज शेकरूच्या कानात जाऊन बसला तो बसलाच. पुढे वर्षभर सकाळी डोळे उघडले, की आधी तोच ऐकू यायचा.

या वर्षी सराव सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी एक तरणा वानर येऊन उभा राहिला. लांब लांब हात, आणि अंगात नुसता वारा शिरलेला. पहिलं कवठ त्यानं असं भिरकावलं, की ते माळ ओलांडून थेट नदीत पडलं. एवढी लांब फेक जंगलात कोणी पाहिली नव्हती. सगळे "वा रे गड्या!" करू लागले. वानर खुशीत येऊन सशाला ओरडला, "अरे, पळ की!"

शेकरूनं गर्रकन मान वळवली. तोच आवाज! गेल्या वर्षीचा, वाळक्या शेंगेचा.

ते कोणाला काही बोललं नाही. बोलून काय सांगणार? आपण वर्षभर एका वाक्यावर कुढत बसलो होतो, हे चारचौघांत सांगायची सोय नसते.

गड्यांना शिकवायचे अस्वलमामा. म्हातारे, जाडजूड, आणि नियमाला पक्के. त्यांनी सांगून टाकलं, "म्होरक्या कोण, ते आठ दिवसांनी पारखीत ठरेल. तोवर कोणी बडबड करायची नाही."

आता बडबड करू नका म्हटल्यावर बडबड थांबली, असं कुठे झालंय का? सगळ्या जंगलाला दुसरा विषयच उरला नाही. तुमच्याकडे नाही का, क्रिकेटमध्ये सलामीला कोणाला पाठवावं यावरून काका आणि मामा आमटी थंड करून भांडतात, अगदी तसंच. घुबडाला दिवसा झोप मिळेना. कबुतराच्या घरट्यात नवरा वानराच्या बाजूचा आणि बायको शेकरूच्या, त्यामुळे अंड्यांवर बसायचं कोणी, यावरून रोज खटके उडू लागले.

सगळ्यांत मोठ्यानं बोलायचा कावळा. "म्होरक्या वानरच हवा. हात लांब, फेक लांब! असा हात शंभर वर्षांत झाला नाही. पलीकडच्यांची बोबडी वळेल, बोबडी!"

"तुला रे काय ठाऊक शंभर वर्षांचं?" साळुंकी तणतणायची. "काल अंड्यातून आलास! लांब फेकून कवठं नदीत घालायचीत का? जुनं ते सोनं. बिचारं शेकरू, तीन वर्षं राबलं. हात गेला त्याचा, म्हणून काय टाकून द्यायचं?"

शेकरू वरच्या फांदीवर शेपटीत तोंड खुपसून हे ऐकत असे. कावळ्याचं बोलणं त्याला लागायचं, हे खरं. पण साळुंकीचं ते 'बिचारं' त्याहून जास्त लागायचं. आपल्या बाजूनं बोलणारेही आपल्याला संपलेलंच धरून चालले आहेत, हे त्याला कळत होतं. म्होरकेपण गेलं तर आपण या जंगलात कोण उरणार, या विचारानं त्याला फळ गोड लागेना.

मजा अशी, की एवढ्या गदारोळात ज्यांना कवठ झेलायचं होतं, त्यांना कोणी विचारलंच नाही. एकदा कोल्ह्यानं सशाला हटकलं, "काय रे, तू कोणाचा?" तेव्हा ससा गवत चघळत म्हणाला, "मी झेलणारा. मी कोणाचा असून काय उपयोग?" कोल्ह्याला वाटलं, हा भित्रा, नाव घ्यायला घाबरतो. आणि तो पुढे गेला.

पारखीला दोन दिवस उरले होते. भर दुपारी शेकरू पाण्यावर गेलं, तर वानर आधीच काठावर बसलेला. दोन्ही हात कानांवर गच्च दाबलेले. शेकरूची चाहूल लागताच त्यानं हात खाली घेतले आणि ओशाळून हसला.

"दादा," तो म्हणाला, "तुम्हाला झोप लागते का हो?"

शेकरूनं पाण्याला तोंड लावलं.

"मला नाही लागत," वानर आपला बोलतच राहिला. "शंभर वर्षांत असा हात झाला नाही म्हणतात. म्हणजे आता एक जरी चुकलं, तर संपलंच की! आधी फेकताना मला कवठ दिसायचं. आता कावळाच दिसतो. तीन वर्षं कसं हो सोसलंत तुम्ही?"

शेकरूला पुष्कळ सांगता आलं असतं. फेकण्याआधी श्वास सोडायचा, कवठाकडे नाही, झेलणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहायचं. सगळं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तो आवाज कानात होता ना! ते एवढंच म्हणालं, "होईल सवय." आणि शेपटी झटकून चालू लागलं.

झाडावर चढता चढता त्याला आपल्या वागण्याची थोडी लाज वाटली. पण खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

पारखीचा दिवस उजाडला. पारखीची रीत फार जुनी. मोठ्या जांभळाखाली पांढऱ्या मातीनं एक रिंगण काढायचं. लांबून दहा कवठं त्यात टाकायची. आत पडलं ते मोजायचं, बाहेर पडलं ते गेलं. रिंगणात कोणी पाय ठेवायचा नाही, जवळपास कोणी उभं राहायचं नाही. समोर नुसती मोकळी माती, आणि चहूबाजूंनी, झाडांवर, दगडांवर, ढोलीढोलींतून बघणारं जंगल.

आधी शेकरू. त्यानं श्वास सोडला आणि फेकायला सुरुवात केली. समोर डोळेच नव्हते, तर पाहणार कोणाकडे? मातीकडे पाहूनच त्यानं फेकलं. दहातली सहा रिंगणात पडली. चार मात्र अलीकडेच राहिली. साळुंकीनं पंख फडफडवले. कावळा म्हणाला, "सहा! हे काय फेकणं झालं? आता बघा."

मग वानर. पहिलं कवठ रिंगणावरून उडून करवंदीच्या जाळीत गेलं. सगळे हसले, पण कौतुकानं. दुसरं जांभळाच्या खोडावर आपटलं. तिसरं हातातून निसटून त्याच्याच पायावर पडलं. आता हसण्याचा सूर बदलला. चौथं, पाचवं, सहावं… एकही आत जाईना. वानराचे हात थरथरत होते आणि तो फेकण्याआधी दर वेळी वर कावळ्याकडे बघत होता.

नववं कवठ मागच्या मागे गेलं, तेव्हा कावळ्यानंच पहिली चोच उघडली. "छ्या! माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते हेच! मी तरी आधीपासून सांगत होतो."

आणि मग झाडांमधून कोणीतरी ओरडलं, "हात आहे की वाळकी शेंग!"

सगळं जंगल खो खो हसलं.

शेकरूनं वानराकडे पाहिलं. त्याची मान खाली गेली होती. शेपटी पायांत आली होती. दहावं कवठ हातात घेऊन तो नुसता उभा होता. एवढा उंच वानर, पण केवढासा झाला होता!

मुलांनो, हे ऐकायला शेकरू वर्षभर थांबलं होतं. आपल्याला जे लागलं, ते त्यालाही लागावं, असं त्याला किती सकाळी वाटलं होतं. पारख जिंकल्यातच जमा होती. आणि ते वाक्य गोड लागेल म्हणून कान टवकारले, तर ते कडूच लागलं. गेल्या वर्षी ऐकताना होतं, तितकंच कडू. मग त्याला आठवलं, त्या दिवशी माळावर उभं असताना आपल्याला काय हवं होतं. सामना परत नको होता. कोणाची दयाही नको होती. समोरून कोणीतरी "असू दे" म्हणायला हवं होतं, बस्स.

शेकरू उठलं, तुरुतुरु चालत गेलं आणि रिंगणाच्या मधोमध जाऊन उभं राहिलं.

"अरे, अरे!" अस्वलमामा ओरडले. "रिंगणात कोणी उभं राहायचं नसतं! रीत आहे!"

"मामा," शेकरूनं विचारलं, "मग सामन्याच्या दिवशी इथे कोण असतं?"

अस्वलमामांनी अडवायला उचललेला पंजा खाली घेतला. इतक्या वर्षांत हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

शेकरूनं वानराला हाक मारली, "टाक रे."

"दादा, वाकडं जाईल," वानर पुटपुटला.

"जाऊ दे. वाकडं आलं तरी धरीन. रिंगणबिंगण विसर. वर बघू नकोस, माझ्याकडे बघ. आणि तुला येतं तसं लांब टाक."

वानरानं पाहिलं. समोर कावळा नव्हता, मातीही नव्हती. दोन काळेभोर डोळे होते. त्यानं श्वास सोडला आणि कवठ भिरकावलं.

गेलं वाकडंच! डावीकडे, उंच, रिंगणाच्या कितीतरी पल्याड. पण शेकरू तोवर सुटलं होतं. ते सरसर जांभळावर चढलं, फांदीच्या टोकापर्यंत धावलं आणि तिथून त्यानं हवेत अंग झोकून दिलं. कवठ त्यानं हवेतच दोन्ही पंजांनी पोटाशी धरलं आणि गवतात दोन कोलांट्या खाऊन ते उठून बसलं. कवठ पोटाशी तसंच!

मग जो काही ओरडा झाला, तो पलीकडच्या जंगलापर्यंत गेला असेल.

वानर धावत आला. धापा टाकत शेकरूपुढे बसला. आनंदानं नाचेल असं सगळ्यांना वाटलं होतं, पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"दादा, एक सांगायचंय. गेल्या वर्षी ते… वाळकी शेंग… ते मीच ओरडलो होतो."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू पहिल्या दिवशी सशाला हाक मारलीस ना, तेव्हापासून."

"आणि तरी तुम्ही आज उठून आलात?"

शेकरूनं अंगावरचं गवत झटकलं. "त्या दिवशी मला कोणी 'असू दे' म्हणालं असतं, तर फार बरं वाटलं असतं रे. म्हणून आलो."

वर झाडांवर सगळ्यांनी माना खाली घातल्या. गेल्या वर्षी हसला नव्हता, असा त्यांत एकही नव्हता. साळुंकीसुद्धा.

अस्वलमामांनी डोकं खाजवलं. रीतीप्रमाणे पाहिलं तर सहा विरुद्ध शून्य, शेकरूच म्होरक्या. पण आता त्यांचं मन त्या हिशेबावर बसेना. ते सशाकडे वळले. "तू सांग बाबा. झेलायचं तुम्हाला आहे."

"विचारलंत एकदाचं!" ससा म्हणाला. "मामा, शेकरूदादाचं कवठ बरोबर पंजात येतं, पण रेघेपर्यंत पोहोचत नाही. याचं रेघेपल्याड पोहोचतं, पण पंजात येत नाही. याच्या हातून सुटलेलं धरील असा आपल्यात एकच आहे, आणि तो आत्ताच झाडावरून पडला."

सायाळीनं काटे हलवून मान डोलावली. अस्वलमामा खाली वाकले आणि हळूच म्हणाले, "शेकरू, फेकायचं त्यानं, झेलायचं तू. चालेल का तुला? नाही म्हणालास तरी कोणी काही म्हणणार नाही."

शेकरूनं हातातल्या कवठाकडे पाहिलं. त्याला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, उगीच लपवत नाही मी. तीन वर्षांचं म्होरकेपण असं गवतात बसल्या बसल्या सोडून द्यायचं म्हणजे गंमत आहे का?

"डाव सुरू होताना कवठ हातात येतं ना," ते शेवटी म्हणालं, "सकाळचं अगदी गार असतं. ते मला फार आवडायचं. तेवढं चुकेल." मग ते कवठ त्यानं वानराच्या हातात दिलं. "पण चालेल."

त्यानंतरचे दिवस ते दोघं जांभळाखालीच असायचे. शेकरूनं जिभेच्या टोकावर राहिलेलं सगळं वानराला सांगून टाकलं. सशाला कुठे द्यायचं, सायाळीला कसं द्यायचं, काही हातचं राखलं नाही.

सामना अलीकडच्यांनी एका गुणानं जिंकला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मला सांगायचंय ते पहिल्याच डावाचं. माळाच्या दोन्ही बाजूंनी दोन्ही जंगलं लोटली होती. वानरानं श्वास सोडला आणि फेकलं. कवठ भलतीकडेच गेलं. शेकरूनं जिवाच्या आकांतानं उडी मारली, पण नखाला चाटून ते धप्पकन मातीत पडलं.

पलीकडच्यांनी जल्लोष केला. अलीकडच्या झाडांवर मात्र सगळ्यांनी श्वास आत ओढला. हुर्यो करायच्या आधी ओढतात तसाच. कावळ्यानं चोच उघडली. शेकरूनं मातीत पडल्या पडल्या डोळे मिटून घेतले.

"असू दे रे!" कावळा घसा फोडून ओरडला. "असू दे! पुढचं टाक!"

मग साळुंकी ओरडली, मग कबुतरं, मग दिवसा कधी न बोलणारं घुबडही. "असू दे! पुढचं टाक!" सगळ्या झाडांवरून तेच.

ते म्हणत होते वानराला. शेकरूला कोणी काही म्हणत नव्हतं. पण मातीत पडलेल्या शेकरूचे डोळे भरून आले, कारण वर्षभर ज्याची वाट पाहिली होती, ते आज त्याला ऐकू आलं होतं. डोळे पुसून ते उठलं आणि पुन्हा आपल्या जागी, वानराच्या समोर जाऊन उभं राहिलं.

तात्पर्य : चुकणाऱ्याला हसायला सगळं जंगल मिळतं, पण समोर उभं राहून "वाकडं आलं तरी धरीन" म्हणणारा एक जरी मिळाला, तरी थरथरणारा हात सावरतो.